छायाचित्र कोणाचे : रोगाचे की रोग्याचे?

भिलाईच्या मोहन नगरासारख्या वस्तीत माणसे एकमेकांना पाठमोरीही ओळखतात. तेथील एखाद्या उपवर मुलीच्या मनगटावर कोडाचा पांढरा डाग उमटावा, डॉक्टरांनी त्याचे छायाचित्र घेण्यासाठी मोबाइल पुढे करावा आणि तिने चटकन ओढणी ओढून घ्यावी, तर त्यास अडाणीपणा म्हणू नये. कोड संसर्गजन्य नाही, हे तिला कदाचित ठाऊकही असेल. परंतु सोयरीक जुळविणाऱ्यांना ते ठाऊक असतेच असे नाही. तिला भय कॅमेऱ्याचे नसते; ते चित्र कोणाकोणाच्या हाती पडेल, याचे असते.

आणि तरीही छायाचित्र उपयोगाचे आहे. कोडावरील उपचार महिनोन्‌महिने चालतात. डागाच्या आत केसांच्या मुळांशी रंगाचे बारीक ठिपके उगवू लागतात. रोज आरशात पाहणाऱ्यास ते सहसा जाणवत नाहीत. तीन महिन्यांपूर्वीचे चित्र शेजारी ठेवले म्हणजे मात्र गुण येत आहे की नाही, ते कळते. त्यासाठी प्रकाश, अंतर व अंगाची ठेवण दोन्ही वेळा सारखीच हवी. एक चित्र खिडकीजवळचे आणि दुसरे विजेच्या दिव्याखालचे असेल, तर ती दोन्ही मिळून फसवितात. हे सारे आधी समजावून सांगितले, तर नकाराचा होकार होणे फारसे अवघड नसते.

नुसत्या चित्रावर विसंबण्यात धोकाही आहे. छत्तीसगडात कुष्ठरोग अद्याप आढळतो. त्याच्या चट्ट्याची एक प्रमुख खूण म्हणजे बधिरपणा, आणि तो कोणत्याही चित्रात उतरत नाही. चट्ट्यास कापसाने स्पर्शच करून पाहावा लागतो. मोबाइलवर चट्टा दाखवून औषध विचारणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे.

चित्राची दुसरी बाजूही याच रोगाने दाखविली. झडलेल्या बोटांची चित्रे दाखवून करुणा, आणि वर्गणी, गोळा करण्याची रीत जगभर होती. चांपा येथे १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन करणारे सदाशिवराव कात्रे स्वतः या व्याधीतून गेलेले होते; अशा माणसाची ओळख त्याच्या कार्यावरून व्हावी की व्रणांवरून? शिवाय २०१९ पर्यंत आपल्या विवाहकायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. भलत्या हाती पडलेले एक छायाचित्र संसार मोडू शकत होते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर मात्र संमतीची गरज नाही, असेही त्यांत म्हटले आहे. पण ते ठरवायचे कोणी? डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने भागत नाही, हे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही सांगते. हातावरचे गोंदण, गळ्यातला ताईत, हनुवटीवरचा तीळ, एवढ्यावरून मोहन नगरातील शेजारीण माणूस ओळखील!

म्हणून दवाखान्यात निःसंकोच विचारावे : हे चित्र माझ्या कागदपत्रांतच राहणार, की विद्यार्थ्यांना दाखविले वा कोठे छापले जाणार? ते डॉक्टरांच्या खासगी मोबाइलमध्ये राहणार काय? उपचारापुरती दिलेली संमती ही छापण्याची संमती नव्हे. एकीस होकार व दुसरीस नकार खुशाल देता येतो. मुलगी सज्ञान असेल तर उत्तर तिने द्यावे, सोबत आलेल्या काकांनी नव्हे. आणि चित्र घेताना आईला किंवा परिचारिकेला जवळ थांबवून घ्यावे.