आकाशातला पाहुणा आणि भीतीचा धंदा

२०२५ सालचा ऑक्टोबर महिना. परग्रहावरचे यान पृथ्वीकडे येत आहे, मोठे संकट ओढवणार आहे, असा मजकूर मोबाईलवर फिरत होता. त्याच्या पाठोपाठ राशीनुसार उपाय सांगणारेही हजर! घाटकोपरच्या आमच्या वस्तीतील दहावी-बारावीच्या मुलांनी आम्हाला विचारले, "काका, हे खरे आहे का?" प्रश्न रास्त होता. उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

१ जुलै २०२५ रोजी चिली देशातील अ‍ॅटलस दुर्बिणीला ही वस्तू दिसली. तिचे नाव 'थ्री-आय अ‍ॅटलस'. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेली आणि माणसाने ओळखलेली ही तिसरी वस्तू. पहिली 'ओउमुआमुआ' १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाई बेटांवरून दिसली. दुसरी 'बोरिसोव्ह', ३० ऑगस्ट २०१९ रोजी.

ती बाहेरची, हे कशावरून ठरले? वेगावरून आणि मार्गावरून. आपले ग्रह सूर्याच्या ओढीने बांधलेले आहेत. हा पाहुणा मात्र सूर्यापासून अतिदूर असतानाच सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने येत होता. म्हणजे बोरिवली ते चर्चगेट एका सेकंदाच्या आत! एवढ्या वेगाला सूर्य अडवू शकत नाही, फक्त मार्ग वाकवतो. जवळ येताना वेग वाढतो, दूर जाताना तेवढाच घटतो आणि पाहुणा कायमचा निघून जातो. १९ डिसेंबर २०२५ रोजी तो पृथ्वीच्या सर्वात जवळ आला, तेव्हाही २७ कोटी किलोमीटर दूर होता. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. मग संकट कसले?

यानाचे म्हणाल, तर हार्वर्डचे प्राध्यापक अवी लोएब यांनी तशी शंका बोलून दाखवली होती. शंका घेणे गैर नाही. पण शंकेला पुरावा लागतो. दुर्बिणींनी तपासले तेव्हा त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघताना आढळली. तो धूमकेतूच ठरला.

असे गोळे येतात कुठून? दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह घडत असताना मोठे ग्रह आपल्या गुरुत्वाकर्षणाने खडक आणि बर्फाचे गोळे बाहेर भिरकावतात, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या गुरूनेही पूर्वी हेच केले. आणि आमच्याकडे? 'गुरुबळ नाही' म्हणून मुलीचे लग्न लांबवतात! हा पाहुणा नेमक्या कोणत्या ताऱ्याकडून आला, हे ठाऊक नाही, असे शास्त्रज्ञ उघड सांगतात. ज्योतिषाला मात्र सारे ठाऊक असते.

त्याचीही परीक्षा महाराष्ट्रात झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. कुंडली कोणाची, ते ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली, बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती! तथागतांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वीच हा धंदा ओळखला होता. ग्रहणे आणि उल्कापात यांवरून भाकिते सांगून पोट भरणे दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात त्याज्य मानले आहे.

भीती विकली जाते, कारण मोजणे आपल्याला शिकवले गेले नाही. दुसरा पाहुणा शोधणारे गेनादी बोरिसोव्ह हे हौशी निरीक्षक होते आणि दुर्बीण त्यांनी स्वतः तयार केली होती. आकाश कोणाच्या मालकीचे नाही. पण उपनगरातल्या आमच्या मुलांसाठी तारांगण लांब वरळीला, आणि वस्तीवर दिव्यांचा लखलखाट. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे स्वप्न रोहित वेमुलाने पाहिले होते. ते आम्ही विसरायचे का?

आमची सूचना साधी आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या प्रत्येक विहाराच्या अभ्यासिकेत वर्गणीतून एक छोटी दुर्बीण आणावी. तिच्यातून असे दूरचे पाहुणे दिसणार नाहीत, पण गुरूचे चार चंद्र गच्चीवरूनही दिसतात. ज्या मुलीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तिला गुरुबळाची भीती कोण घालणार? चौथा पाहुणा येईल तेव्हा आमची मुले "काका, खरे का?" असे विचारणार नाहीत, स्वतः हिशेब मांडतील.