दाराशी कोण उभे आहे?



आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. ऑनलाइन सभेत होस्ट कोणी व्हावे, त्याने आपले अधिकार कोणाकोणाला वाटून द्यावेत, इतकाच प्रश्न आहे. हा मोबाईलचा विषय, यात आत्मिक ते काय, असे आम्हीही म्हणत होतो. एका बुधवारने आम्हांला शिकवले.

करजण हे वडोदरा आणि भरूच यांच्या मधले, महामार्गावरचे गाव. रविवारची उपासना गुजरातीत होते. ती आम्हांला समजते, आवडते. पण दुःखात तोंडून निघणारी प्रार्थना मायबोलीतच निघते. म्हणून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही मराठी कुटुंबांनी बुधवारी रात्री झूमवर प्रार्थनासभा सुरू केली. करजण, वडोदरा, अंकलेश्वर आणि तिकडे नगर-पुण्याकडचे नातलगही तिच्यात येतात. लॉकडाऊन संपला, सभा मात्र टिकली.

त्या बुधवारी आमचे एक बंधू होस्ट होते. नेहमी तेच असायचे. लिंक त्यांची, वचन वाचणारे ते, प्रार्थना चालवणारेही तेच. सभा सुरू झाली आणि त्यांनी डोळे मिटून आजाऱ्यांसाठी लांब प्रार्थना सुरू केली. आम्हीही डोळे मिटले. त्याच वेळी आमची एक भगिनी वडोदऱ्याच्या एका रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून आत येऊ पाहत होती. तिच्या पतीला अचानक ऑपरेशनला नेले होते. ती वेटिंग रूममध्ये थांबली. वेटिंग रूममध्ये कोण आले आहे हे फक्त होस्टला दिसते, किंवा त्याने नेमलेल्या को-होस्टला. को-होस्ट कोणीच नव्हता आणि होस्टचे डोळे मिटलेले होते. पंचवीस मिनिटांनी तिने फोन बंद केला.

ऑपरेशन नीट पार पडले, देवाची स्तुती असो. पण दुसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "तुम्ही सगळे आत होता, मला ठाऊक होतं. कोणी दार उघडलं नाही." हे ऐकून त्या बंधूंना फार वाईट वाटले. चूक त्यांची एकट्याची नव्हती. सगळे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकून आम्ही निवांत बसलो होतो.

आता, दार मुळात लावलेच का, हेही सांगायला हवे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर अनोळखी लोक ऑनलाइन सभांत, वर्गांत, उपासनांत घुसून घाणेरडी चित्रे दाखवू लागले. ५ एप्रिल २०२० पासून झूमने मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था केली. तो दिवस झावळ्यांच्या रविवारचा होता. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानेही सूचना काढली: वेटिंग रूम चालू ठेवा, होस्टच्या आधी कोणाला आत येऊ देऊ नका, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा, सगळे आले की सभेला कुलूप लावा. सल्ला योग्यच होता, आणि आम्ही तो पाळला. पण दार लावायला शिकलो तसे दाराशी माणूस बसवायला शिकलो नाही. कुलूप वाढले आणि किल्ली मात्र एकच राहिली.

पवित्र शास्त्रात ही गोष्ट फार जुनी आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे एकटा न्याय करायला बसतो आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती उभे राहतात. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आलेला असतो. तो सांगतो की हे बरे नाही. याने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. आम्ही पूर्वी यात फक्त मोशेची दमणूक वाचत होतो. त्या बुधवारनंतर दिवसभर उभे असलेले लोकही दिसू लागले. अधिकार एकाच हाती राहिला की आधी थकतो तो बाहेर उभा असलेला माणूस.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, आम्हांला आणखी जवळचा वाटतो. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होऊ लागली. कोणी मुद्दाम केले असे शास्त्र म्हणत नाही. पण परक्या भाषेच्या बाया नजरेतून सुटल्या. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मग सात जण निवडले गेले आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची माणसे सुटत होती, त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटप सोपवले गेले. प्रेषितांनी अधिकार वाटला म्हणून त्यांचे काही कमी झाले नाही. उलट वचन वाढत गेले.

यावरून आमचे मत ठाम झाले आहे. को-होस्ट हा मान नव्हे, ती दारावरची सेवा आहे. म्हणून ती मानाच्या क्रमाने देऊ नये. सर्वांत वडील कोण, देणगी कोणाची मोठी, हे पाहू नये. कोण उशिरा येतो, कोणाचे नेट तुटते, कोणाला पासवर्ड टाकता येत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती द्यावी. आमच्याकडे आता हे काम दोघी करतात. एक भगिनी नर्स आहे; ड्यूटीवरून उशिरा येणाऱ्यांची अडचण तिला कळते. दुसरी कॉलेजात शिकते आणि आजीआजोबांचे फोन तिनेच लावून दिलेले आहेत.

काहींची हरकत आहे, आणि ती पोकळ नाही. "सगळ्यांना अधिकार दिले तर गोंधळ होईल. कोणी कोणालाही म्यूट करील, बाहेर काढील." हे खरे आहे. म्हणूनच आम्ही वाटण्याविषयी बोलतो, उधळण्याविषयी नाही. इथ्रोनेही वाटेल त्याला नेमायला सांगितले नव्हते. देवाचे भय बाळगणारी, लाच न घेणारी माणसे निवडायला सांगितली होती. म्यूटचे बटण लहान असते, पण प्रार्थना करणाऱ्या आजीचा आवाज मध्येच बंद केला तर ते बटण फार मोठे होते. मागे कुकरची शिट्टी वाजली तर वाजू द्यावी. आणि रेकॉर्डिंग तर सर्वांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. लोक इथे आपली दुखणी बोलतात.

दुसऱ्या बाजूलाही सावध राहावे. एल्दाद आणि मेदाद छावणीत संदेश देऊ लागले तेव्हा यहोशवाने मोशेला म्हटले, त्यांना मना करा. मोशेला मात्र वाटले की परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे. आपल्यातल्या प्रत्येक जुन्या होस्टने स्वतःला विचारावे: मला काळजी सभेची आहे, की माझ्या हातातल्या बटणाची?

इतर मंडळ्यांना उपयोगी पडावे म्हणून आमची आताची रीत सांगतो. प्रार्थना चालवणारा आणि दार पाहणारा एकच माणूस नसतो. दार पाहणारी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते; ती तिची प्रार्थनाच आहे. सभा सुरू होताच होस्ट दोघींना को-होस्ट करतो, कारण झूमवर हे आधी करून ठेवता येत नाही. को-होस्टला सभा सुरूही करता येत नाही. म्हणून होस्टच येऊ शकला नाही तर दुसऱ्या खात्यावरची राखीव लिंक ग्रुपवर आधीच दिलेली असते. होस्टला मध्येच उठावे लागले तर तो सभा बंद करत नाही, होस्टपद दुसऱ्याला देऊन निघतो. दर तीन महिन्यांनी माणसे बदलतात, म्हणजे कोणी थकत नाही आणि कोणी चिकटतही नाही.

आमच्या मियागाम करजण स्टेशनाची एक जुनी आठवण सांगतात. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला ती बैल ओढत असत. जू एकाच मानेवर ठेवले तर रूळ कितीही सरळ असोत, गाडी चालत नाही. आपल्या प्रभूनेही शिष्यांना दोघे दोघे करूनच पाठवले होते.

या आठवड्यात सभा सुरू करण्यापूर्वी आपल्या मंडळीत एवढेच विचारा: आज दाराशी कोण आहे? आणि बाहेर कोण उभे आहे, हे त्याला दिसते आहे का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू स्वतः दार आहेस आणि मेंढरांना नावाने ओळखतोस. जो अधिकार आम्ही घट्ट धरला आहे तो सैल करायला आम्हांला शिकव. जे बाहेर थांबले आहेत त्यांच्यासाठी आमचे डोळे उघडे ठेव. आमेन.