अपाकचा शेरा

सातबारा उतारा ज्यांनी निरखून वाचला आहे, त्यांना ‘अ.पा.क.’ ही अक्षरे ठाऊक असतील. अज्ञान पालनकर्ता. बाप अकाली जातो, जमिनीला मुलाचे नाव लागते, पण मुलाला अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात. मग हा शेरा येतो आणि मुलाच्या वतीने आई किंवा चुलता सही करतो. कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे. वयाने सज्ञान न झालेला.

१९९० च्या सुमारास मी वैजापूरला बँकेत शेती कर्जाचे काम पाहत होतो. एका चुलत्याने पुतण्याचा हिस्सा धरून विहिरीसाठी कर्ज उचलले होते. विहिरीला पाणी लागले नाही, हप्ते थकले आणि चुलता गाव सोडून गेला. पुतण्या नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. मी मोठ्या तत्परतेने त्याच्या नावाने वसुलीची नोटीस तयार केली. बँकेच्या वकिलांनी ती परत पाठवली. म्हणाले, ‘कर्ज काढले तेव्हा हे पोर आठ वर्षांचे होते. सही चुलत्याची आणि वसुली याच्याकडून?’ अज्ञान मुलाला करार बांधत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. मी वरमलो. तो मुलगा मात्र नोटीस न घेताही दोन रात्री झोपला नव्हता, हे मला पुढे कळले.

हे सारे आता आठवण्याचे कारण आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी. त्यांचा मुलगा नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेला, त्याला पंधरा-सोळा वर्षे झाली. परवा ओट्यावर बसून गुरुजी सांगत होते, ‘साहेब, नातू चार वर्षांचा असताना नेला. शाळा तिथली, मित्र तिथले. मराठी समजते, पण लिहिता येत नाही. आता म्हणे एकवीस पूर्ण झाली की बापाच्या व्हिसावर राहता येणार नाही. त्याने जायचे कुठे?’

गुरुजींची चिंता खरी आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी दर देशाला ठरावीक वाटा असतो, आणि भारतीय अर्जदार इतके आहेत की रांग कित्येक वर्षे पुढे सरकत नाही. तोवर मुले मोठी होतात. एकविसाव्या वर्षी त्यांना स्वतंत्र व्हिसा मिळवावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. त्यांत आपल्या मराठी घरांतलीही मुले आहेत.

त्याच देशात दुसराही एक वर्ग आहे: आईबापांनी कागदपत्रांशिवाय नेलेली मुले. त्यांना नागरिकत्वाची वाट देणारे ‘ड्रीम ॲक्ट’ नावाचे विधेयक २००१ साली प्रथम मांडले गेले, ते आजवर मंजूर झालेले नाही. १५ जून २०१२ रोजी ओबामांच्या सरकारने तात्पुरती सोय केली. सोळा वर्षांच्या आत आलेल्या, शिकलेल्या, गंभीर गुन्हा नसलेल्या मुलांना हाकलायचे नाही आणि दर दोन वर्षांनी परवाना वाढवायचा. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ही सोय बंद करू पाहिली; २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रोखले, पण केवळ पद्धत चुकली म्हणून. पाच लाखांच्या आसपास तरुण आजही या दोन-दोन वर्षांच्या उसनवारीवर जगत आहेत. गमतीची गोष्ट अशी की गुरुजींच्या नातवाला या सोयीचा उपयोग नाही, कारण तो कायदेशीर मार्गाने गेला!

हे बोलणे चालू असतानाच गुरुजींनी समोरचे वर्तमानपत्र उघडले. मुंबई-ठाण्याकडे बेकायदा राहणारे बांगलादेशी पकडल्याची बातमी होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. गुरुजी म्हणाले, ‘सगळ्यांना एकदम पाठवून द्यायला पाहिजे.’ मी म्हणालो, ‘आणि चौथ्या वर्षी आणलेला पोरगा असेल तर?’ गुरुजी चष्मा पुसू लागले. त्यांना खिंडीत पकडण्याचा माझा हेतू नव्हता. मलाच उत्तर हवे होते.

आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला, काही अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आईबापांपैकी एकजण नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे मुंबईत जन्मलेले मूलही परके ठरू शकते; मग कडेवर बसून सीमा ओलांडलेल्याची गोष्टच नको. बेकायदा आलेल्याला पुढे नोंदणीने किंवा दीर्घ वास्तव्यानेही नागरिकत्व मागता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना वाट दिली. ती धर्मावर दिली आहे, आणला गेला तेव्हाच्या वयावर नाही.

गंमत पाहा. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, हे आपले फौजदारी कायदे १८६० पासून सांगत आले आहेत. मुलाने स्वतः केलेला गुन्हा आपण माफ करतो आणि आईबापांनी केलेला त्याच्या नावावर चढवतो. मी तयार केलेली नोटीस याहून वेगळी नव्हती.

आता दुसरी बाजू. बँकेत असताना मी १९९० ची कर्जमाफी पाहिली. हप्ते वेळेवर भरणारा शेतकरी काउंटरवर येऊन विचारायचा, ‘मग मीच मूर्ख ठरलो का?’ त्याला उत्तर देणे अवघड होते. एकदा माफी झाली की पुढच्या माफीची वाट पाहिली जाते. १९८६ साली रेगन यांच्या काळात अमेरिकेने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर केले. बेकायदा येणे त्याने थांबले नाही. आपल्या आसामात याच प्रश्नावर १९७९ ते १९८५ अशी सहा वर्षे आंदोलन पेटले होते. आपली भाषा, जमीन, मतदारयादी हातची जाईल ही स्थानिकांची भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. सीमा राखणे हे सरकारचे कामच आहे.

पण कर्जमाफी कर्जदाराला मिळते. ज्याने कर्ज काढलेच नाही त्याला मोकळे करणे ही माफी नव्हे, तो हिशेब दुरुस्त करणे आहे.

शिवाय आपल्याकडे याला आधार आहे. आसाम करारानंतर कायद्यात आलेल्या ६ अ कलमाने १९६६ च्या आरंभापासून २४ मार्च १९७१ पर्यंत बांगलादेशाच्या भूमीतून आलेल्यांना धर्म न विचारता नोंदणीने सामावून घेतले. दहा वर्षे मताचा हक्क मात्र दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे कलम वैध ठरवले. तारीख ठरवून, अटी घालून दार किलकिले करता येते.

माझ्या मते असे एक अरुंद दार बालपणी आणलेल्यांसाठी असावे. बारा वर्षांच्या आत आलेला, इथल्या शाळेत शिकलेला, गुन्ह्यात न सापडलेला मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत अर्ज करील. पालकाने विकलेल्या जमिनीबद्दल दाद मागायला अज्ञानाला सज्ञान झाल्यावर तेवढीच मुदत मिळते. त्याच्या जोरावर आईबापांना काही मिळू नये. म्हणजे मुलाला पुढे करून कोणी येणार नाही. त्या आईबापांचे काय, हा प्रश्न उरतोच आणि तो दुःखद आहे. त्यावर सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरचा घ्यावा. आधार कार्ड खोटे निघते, पण दहा वर्षांची हजेरी बनावट करणे कठीण. आणि निर्णय सुनावणी घेऊन व्हावा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना सीमेपार ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्याने परत आणावे लागले. मोठ्यांच्या बाबतीत असे होते, तर मुलांचे काय?

माझे वडील १९४८ साली दहा वर्षांचे होते. रझाकारांच्या धास्तीने आजोबांनी त्यांना रातोरात बैलगाडीतून निजामाची हद्द ओलांडून येवल्याकडे नेले. हैदराबाद तेव्हा स्वतःला स्वतंत्र म्हणवीत होते. वडिलांना त्यातले काही कळत नव्हते. गाडीत झोप लागली आणि जाग आली ती दुसऱ्या मुलखात, एवढेच ते सांगत. तिथल्या मास्तरांनी दाखला मागितला नाही, पाटी दिली आणि बसवले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि मंडळी वैजापूरला परतली.

गुरुजींना मी ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘माझ्या नातवासाठी जे मागतो, ते दुसऱ्याच्या पोराला नको म्हणणे बरे नाही. पण दार अरुंदच ठेवा, साहेब.’ तेवढ्यावर आमचे एकमत झाले.