दारावरचा गणपती

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने यवतकडे जाताना दौंड तालुक्यातील कासुर्डी हे गाव लागते. या पट्ट्यातील माती-लाकडाचे जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत आणि त्याबद्दल मालकांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. गळक्या माळवदाखाली राहावयाचे त्यांनी आणि गतवैभवाचे उसासे टाकावयाचे आम्हां शहरवासीयांनी, हा न्याय नव्हे. आमचा प्रश्न एवढाच की, वाडा उतरल्यावर त्याच्या चौकटीवरचा गणपती कोठे जातो?

सागवानी गणेशपट्टीवर पटाशीने गजानन, वेलबुट्टी आणि राघू उठविणाऱ्या सुताराचे नाव बहुधा कोणासही ठाऊक नसते. पुढे घरच्यांनी सणावारी तिला तैलरंग द्यावा, थरांवर थर चढून सोंडेचा बाक आणि बोटांची पेरे बुजून जावीत, हेही नित्याचेच. कलापारखी यावर नाक मुरडतात. आम्हांस त्या भडक तांबड्या-पिवळ्या रंगात उपेक्षा दिसत नाही. दसऱ्याला तोरण बांधणाऱ्या हातांचीच ती माया आहे. व्यापारी नेमका हाच रंग कॉस्टिक सोड्याने उतरवितो आणि दारावरचा देव दिवाणखान्यातील शोभेची फळी होतो. असे दिवाणखाने आमच्या वाचकांपैकीही काहींचे असतील, हे जाणूनच आम्ही लिहीत आहो.

1972 चा पुरावशेषविषयक कायदा शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या खासगी निर्यातीस बंदी करतो. विक्रेत्यास परवानाही लागतो. परंतु पाडकामाचे लाकूड सरसकट उचलणाऱ्या वखारवाल्यास पट्टीचे वय कोण सांगणार? दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून कोरीव दरवाजे जमविले, कोथरूडचा मस्तानी महाल आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला, म्हणून तेवढे तरी आज पाहावयास मिळते. पण गावोगावच्या प्रत्येक चौकटीला संग्रहालय पुरणार नाही, आणि पुरू नयेही. पूजेतला गणपती काचेआड कशासाठी?

पाडकामापूर्वी चौकटीचे छायाचित्र व मापे घेऊन ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावीत. त्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व विभागाने एक साधा छापील तक्ता पुरवावा. यास मोठा खर्च नाही. आणि मालकांस आमची विनंती, पट्टी विकू नका. नव्या घराच्या दारावर बसवा. काँक्रीटच्या भिंतीत ती विजोड दिसेल, नव्या अरुंद दारास लांबही होईल. टोके दोन्हीकडे भिंतीत शिरू द्या; गवंड्यास तेवढे अवघड नाही.