एररला मीडियम नसतं

प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या हॉस्टेलात एकच आरोळी उठते, "डेटाबेस कनेक्ट होत नाहीये!" मग नायगाव, बिलोली, देगलूरकडच्या मराठी शाळांतून आलेल्या मुली लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. का, तर मी कॉन्व्हेंटची! "तुला इंग्लिश येतं, वाच ना काय म्हणतंय."

हा समज मला अजिबात पटत नाही. जुन्या पीएचपीच्या एररमध्ये 'पामायिम नेकुदोतायिम' असा शब्द यायचा. बसा डिक्शनरी उघडून! शब्द हिब्रू आहे, अर्थ डबल कोलन. झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स या दोन इस्रायली विद्यार्थ्यांनी 1997 मध्ये पीएचपीचा पार्सर नव्याने लिहिला आणि आपल्या भाषेतला शब्द बिनधास्त ठेवून दिला. तिथे माझं कॉन्व्हेंट काय कामाचं?

खरी गोम अशी की 'कनेक्ट होत नाही' म्हणत आपण तीन वेगळी दुखणी एकाच पोत्यात भरतो. पार्स एरर म्हणजे फाईल चाललीच नाही, मायएसक्यूएलपर्यंत कुणी पोचलंच नाही. तरी पोरी पासवर्ड बदलत बसतात! 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर उलट खूश व्हा, सर्व्हर भेटला, फक्त युजर-पासवर्ड पटला नाही. आणि 'अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट' आलं तर व्याकरण ठीक आहे, पण कोड सीनियरच्या सीनियरचा आहे. ते फंक्शन डिसेंबर 2015 मध्ये पीएचपी 7 ने काढून टाकलं. आता मायएसक्यूएलआय नाहीतर पीडीओ वापरायचं.

लाईन नंबरवरही आंधळा विश्वास नको. एरर सहावी ओळ दाखवते तेव्हा सेमीकोलन बहुधा पाचवीत राहिलेला असतो, कारण पुढचा शब्द आल्याशिवाय पार्सरला गडबड कळतच नाही. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणचिन्हंही अशीच छळतात. दिसायला जवळपास सेम, पण पीएचपीच्या लेखी ती अवतरणचिन्हंच नाहीत.

हे सगळं मराठीत पाच मिनिटांत सांगता येतं. पण लॅबमध्ये बऱ्याचदा ऐकू येतं, "शेजारच्याचं कॉपी करा, जर्नल पूर्ण करा." आणि मग जिचं गणित माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं, तीच मुलगी 'माझं इंग्लिश कच्चं, मला कोडिंग नाही जमायचं' म्हणून प्लेसमेंटचा फॉर्मच भरत नाही. याचा मला खरंच राग येतो.

सर-मॅडमना एक विनंती. पहिल्या प्रॅक्टिकलला चालू कोड देऊ नका, मुद्दाम मोडलेला द्या. व्हायव्हात एरर समोर ठेवून विचारा, "गाडी कुठवर पोचली होती?" उत्तर मराठीत आलं, तरी पूर्ण मार्क द्या.