कोड दाखवला, दोष कुणाचा?

गाडी चालवणाऱ्या बायका आता भरपूर आहेत. गाडीबद्दल बोलायची वेळ आली की मात्र गॅरेजवाला पुरुष शोधतो. आमच्या संस्थेच्या हायब्रिड गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा कारागिराने यंत्र लावून कोड वाचला, पी०१३५. 'ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलू,' हे तो माझ्याशी नाही, तर बरोबर आलेल्या अकरावीतल्या भाच्याशी बोलला!

मैत्रिणींनो, हा कोड 'सेन्सर गेला' असे म्हणतच नाही. एक्झॉस्टमधल्या पुढच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या विद्युतमार्गात बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. त्या मार्गात फ्यूज आहे, वायर आहे, कनेक्टर आहे. तक्रार जिथून आली तिथेच दोष आहे असे धरू नका, हे समाजकार्याच्या वर्गात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. (आमच्याकडे येणाऱ्या बायकांना घरचे नेमके तेच ऐकवतात.)

म्हणून आधी फ्यूज आणि कनेक्टर पाहायचा. मग गाडी बंद आणि थंड असताना कनेक्टर सोडवून हीटरचा रोध मल्टिमीटरने मोजायचा. तो अमर्याद आला तर आतली तार तुटली, सेन्सर बदला. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आला तर सेन्सरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का ते तपासा. मी हट्टाने हे करायला लावले. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज निघाला. तो साफ केल्यावर कोड परत आला नाही.

हायब्रिडमध्ये या हीटरला जास्तच महत्त्व. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि इथे इंजिन सारखे बंद पडते, सेन्सर निवतो. सेन्सरचे चालू आकडे पाहायचे तर इंजिन सुरू ठेवणारा सर्व्हिस मोड लावावा लागतो. नारिंगी वायरींना मात्र हात लावू नका, त्यात प्राणघातक दाब असतो.

कारागीर दरवेळी फसवतो असे नाही. सेन्सर खरोखरही जातात. पण त्याच्या अंदाजाची किंमत आपण का भरायची? मोजलेला आकडा बिलावर लिहून मागा, काढलेला भाग परत मागा. आणि महिला मंडळांच्या ड्रायव्हिंगच्या वर्गात एक दिवस तरी बॉनेट उघडून मल्टिमीटर हातात द्या.