मूल दोन देशांचे, कायदा एकाचा

‘आता दुहेरी नागरिकत्व मिळते ना?’ ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील मध्यमवर्गीय घरांतून हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्याचे उत्तर ‘नाही’ असे देताना आपलेच काही चुकते आहे की काय, असे वाटावे. मुलगी म्युनिचला, जावई जर्मन, किंवा मुलगा न्यू जर्सीत आणि सून तिकडचीच. नातवाच्या नावाने ‘ओसीआय’ कार्ड येते आणि नातू दोन्ही देशांचा नागरिक झाला, असे घरचे गृहीत धरतात. तो तसा झालेला नसतो.

या गैरसमजाचे मूळ नावातच आहे. डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २००२ मध्ये अनिवासी भारतीयांविषयीचा आपला अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, ९ जानेवारी २००३ रोजी, पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाच्या व्यासपीठावरून अटलजींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली. सभागृहात उमटलेला आनंद खरा होता. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्यात मात्र जे आले, ते होते ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, तेही सोळा देशांपुरते. २००५ मध्ये पाकिस्तान व बांगलादेश वगळून ते सर्व देशांना खुले झाले, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्या नावापुढे ‘कार्डहोल्डर’ हा शब्द जोडून कायद्यानेच कबुली दिली की, हा नागरिक नव्हे, हा कार्डधारक आहे. त्याला मतदान नाही, घटनात्मक पद नाही. कोकणातली वडिलोपार्जित शेतजमीन वारसाने त्याच्याकडे येऊ शकते, पण शेजारचा चार गुंठ्यांचा तुकडा त्याला विकत घेता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठीही त्याची गणना अनिवासी भारतीयांच्या जागांवर होते. सवलत म्हणून कार्ड उत्तम आहे. नागरिकत्व ते नव्हे.

प्रौढ माणसाच्या बाबतीत एकच नागरिकत्व असावे, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही, हे राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाचे तत्त्व योग्यच आहे. मत देणाऱ्याने आपल्या मताचे परिणाम भोगायला याच भूमीवर राहिले पाहिजे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी पुढे उल्हासनगर उभे केले. नागरिकत्व ही प्रवासाच्या सोयीची वस्तू नव्हे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून अनेक नागरिकत्वांना मुभा दिली, म्हणून आपणही द्यावी, या युक्तिवादात फारसा अर्थ नाही.

परंतु ज्याने काहीच निवडले नाही, त्याचे काय? आई एका देशाची व वडील दुसऱ्या देशाचे, हे मुलाच्या हातचे नसते. कायद्याची खरी परीक्षा तिथे आहे.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्यात १८७९ साली उभारलेले ‘शाआर हाशामाइम’ हे सिनेगॉग ठाणेकरांच्या परिचयाचे आहे. कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागलेले, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे बेने इस्रायल लोक पेणकर, किहीमकर अशी गावांची आडनावे लावतात, मराठी बोलतात आणि पोहे-नारळाच्या मलिद्याचे ताट मांडून प्रार्थना करतात. जगात बहुतेक ठिकाणी छळ सोसलेल्या या समाजाला इथे कोणी त्रास दिला नाही, याचा आपल्याला सार्थ अभिमान असतो. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो जण इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली, आणि १९६४ मध्ये संसदेने ठराव केल्यावर तो वाद निवळला. एवढे होऊनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथे चालवले. आजही या समाजातील सोयरिकी ठाणे आणि इस्रायल यांच्यामध्ये जुळतात.

अशाच एका संसाराची कल्पना करू. ठाण्याची मुलगी, भारतीय पासपोर्ट कायम ठेवलेली, नवरा इस्रायली. मूल तेल अवीवला जन्मले. इस्रायलच्या कायद्याने ते जन्मतःच त्या देशाचे नागरिक. आपल्या १९५५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, आई भारतीय असल्यामुळे, एका वर्षाच्या आत दूतावासात जन्माची नोंद केल्यास ते भारताचेही नागरिक होऊ शकते. अट एकच : मुलाजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी घोषित करायचे. आता अडचण पाहा. इस्रायली नागरिकाने देशाबाहेर जाताना व परत येताना इस्रायली पासपोर्टच वापरला पाहिजे, असा तिथला दंडक आहे. (अमेरिकेचाही आपल्या नागरिकांसाठी तोच दंडक आहे, म्हणजे डोंबिवलीच्या घरांची स्थिती वेगळी नाही.) तेव्हा मुलाला ठाण्याला आजीकडे आणायचे, तर पासपोर्ट काढा आणि भारतीयत्व सोडा, भारतीयत्व राखायचे, तर आजीनेच विमानात बसावे!

आणि हेच मूल ठाण्याच्या रुग्णालयात जन्मले तर? तिसऱ्या कलमाने ते भारतीय. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी एक पालक भारतीय असावा व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, एवढीच अट आहे, आणि ती रास्त आहे. परंतु पुढे बापाच्या देशाचा पासपोर्ट काढला की प्रश्न उभा राहतो. परदेशी पासपोर्ट मिळवणे हा स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियम आपल्याकडे आहे, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरवला. प्रौढाला तो लागू पडावा हे समजते. तीन महिन्यांच्या अर्भकाची ‘स्वेच्छा’ कोणती?

गंमत अशी की, उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. चौथ्या कलमाने नागरिक झालेल्या आणि अन्य देशाचेही नागरिकत्व असलेल्या मुलाने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते परके नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे तोवर ते मूल दोन्हीकडचे असते, हे कायद्याला मान्य आहे. मान्य नाही ते पासपोर्टाचे पुस्तक. आणि इथल्या मातीत जन्मलेल्या, तिसऱ्या कलमातील मुलाला सज्ञानपणी निवडीची ही मुदत नावापुरतीही दिलेली नाही.

या कायद्याची दृष्टी मुळात कशी होती, हेही सांगितले पाहिजे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळे ते केवळ पित्याकडून. ज्या देशाला आपण मातृभूमी म्हणून वंदन करतो, त्याच्या कायद्यात मातेचे नाते बेचाळीस वर्षे मोजलेच गेले नव्हते. ते दुरुस्त झाले, मोठा गाजावाजा न होता. आठव्या कलमातली चूक मात्र शिल्लक आहे. एका पालकाने भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला की त्याच्या अज्ञान मुलाचेही जाते. दुसरा पालक भारतीय आहे काय, हे ते कलम विचारतच नाही. सज्ञान झाल्यावर वर्षाच्या आत परत येण्याची मुभा मुलाला आहे खरी. पण बहुतेक पालक असा त्याग विधिपूर्वक करतच नाहीत. ते परदेशी नागरिकत्व घेतात आणि नवव्या कलमाने त्यांचे भारतीयत्व आपोआप संपते. अशा पालकांच्या मुलांना परतीची ही वाट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला, त्याला दोष देता येणार नाही. लिहिणाऱ्यांनी तो बदलायला हवा.

बदल थोडकाच आहे. एक पालक भारतीय असेल, तर मुलाने सज्ञान होईपर्यंत दोन्ही पासपोर्ट बाळगावेत, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत एक देश निवडावा. आठव्या कलमात दुसऱ्या पालकाचा विचार व्हावा. नवव्या कलमाने ज्यांच्या आईवडिलांचे नागरिकत्व गेले, त्या मुलांनाही परतीचे एक वर्ष मिळावे. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याबाबतचा आजचा अपवाद इथेही ठेवावा. मताचा अधिकार अठराव्या वर्षी येतो, त्यामुळे दोन देशांत मतदान करणारा नागरिक यातून निर्माण होत नाही.

सरकारला हे अवघड नाही. परदेशी सैन्यात सेवा केलेल्यांना ओसीआय कार्ड मिळत नसे, आणि इस्रायलमध्ये तर काही समाजगटांचे अपवाद वगळता अठराव्या वर्षी मुलगे-मुली दोघांनाही सैन्यात जावे लागते. ५ जुलै २०१७ रोजी तेल अवीवमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंसमोर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सांगितले की, सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही हे कार्ड दिले जाईल. सक्ती आणि स्वेच्छा यांतला फरक तिथे ओळखला गेला. तो नागरिकत्वाच्या कायद्यात यायचा आहे. तोपर्यंत परदेशी नातवाच्या बारशाची तयारी करणाऱ्या घरांनी एवढे लक्षात ठेवावे : दूतावासातील नोंदीची मुदत एक वर्षाची आहे, ती उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि मुलाचा पहिला पासपोर्ट कोणत्या देशाचा काढायचा, हे त्याआधीच ठरवावे लागते.